‘शुल्बारि’ : एका विस्मृत रससंज्ञेचा अर्थ, श्लेष आणि रसशाळेतील बोध

रसशास्त्राच्या ग्रंथांत एकेका द्रव्याला अनेक पर्यायनामे दिलेली आढळतात. वाचकाला प्रथमदर्शनी हा केवळ छंदाच्या सोयीसाठी केलेला शब्दविस्तार वाटतो. परंतु थोडे थांबून पाहिले असता असे दिसते की, यांतील काही नावे द्रव्याचे रूप सांगतात, काही उत्पत्ती सांगतात, काही रोगघ्नता सांगतात आणि काही नावांत तर संपूर्ण प्रक्रियाच बीजरूपाने साठविलेली असते. गंधकाचीच नावे पाहावीत. गंधक, गंधपाषाण ही नावे त्याच्या वासावरून पडली. गौरीबीज हे नाव पुराणकथेशी जोडलेले आहे. लेलीतक हे नाव संहिताकाळापासून येते. पामारि आणि कुष्ठारि ही नावे त्वग्रोगांतील उपयोग सांगतात. याच नामावलीत एक नाव असे आहे की, ते आज पदवीपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर फारसे दिसत नाही. ते नाव म्हणजे ‘शुल्बारि’.

प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच शब्दाचा विचार करणार आहोत. याची कारणे दोन. पहिले असे की, ताम्राचे कल्प तयार करणाऱ्या किंवा विकणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाच्या कामाचा अर्थ या शब्दात दडलेला आहे आणि तो नीट न कळल्यास रुग्णाला अपाय होऊ शकतो. दुसरे असे की, या शब्दाला आपल्या नागपूर नगरीत विसाव्या शतकाच्या मध्यास एक दुसरा जन्म मिळाला होता, याची आठवण आज आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे. त्या दुसऱ्या जन्मात शब्द जगला, पण त्याचा अर्थ मात्र निसटला. हे कसे घडले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१. शुल्ब म्हणजे काय?

‘शुल्बारि’ या सामासिक शब्दाचा विग्रह सरळ आहे. शुल्बाचा अरि तो शुल्बारि. अरि म्हणजे शत्रू, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न उरतो तो ‘शुल्ब’ या पदाचा. (काही ग्रंथांत ‘शुल्व’ असाही पाठ येतो. ब आणि व यांचा हा अभेद संस्कृत ग्रंथांत नेहमीचाच आहे.)

अमरकोशात हा शब्द दोन ठिकाणी आला आहे. एके ठिकाणी तो दोरीच्या पर्यायांत आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तांब्याच्या पर्यायांत आहे. म्हणजे शुल्ब या शब्दाला दोन अर्थ आहेत : दोरी आणि तांबे. यज्ञवेदीची मापे दोरीने आखण्याचे जे शास्त्र, ते शुल्बसूत्र. बौधायन, आपस्तंब आदींच्या शुल्बसूत्रांचा तांब्याशी काहीही संबंध नाही. उलट रसग्रंथांतील शुल्बाचा दोरीशी संबंध नाही. तेथे शुल्ब म्हणजे ताम्रच. संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा, हा जो नियम आपण निघंटू वाचताना पाळतो, तो येथे विशेषत्वाने लागू पडतो.

ताम्राच्या इतर नावांतही अशीच गुंतागुंत आहे. रवि आणि अर्क ही सूर्याची नावे ताम्राला दिली जातात. पण अर्क म्हणजे रुई ही वनस्पतीही आहे आणि व्यवहारात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेला द्रवही आहे. एखाद्या रसकल्पाच्या पाठात ‘अर्क’ आला म्हणजे तांबे घ्यायचे, रुईचा चीक घ्यायचा की आणखी काही, हे पाठाच्या पुढच्या-मागच्या पदांवरून ठरवावे लागते. आपल्या नगराच्या नावातील ‘नाग’ हा शब्दही याच जातीचा. नाग म्हणजे सर्प, नाग म्हणजे हत्ती आणि रसशास्त्रात नाग म्हणजे शिसे. ग्रंथकारांना असे श्लेष आवडत असत. वैद्याला मात्र ते उलगडावे लागतात.

२. अरि आणि मित्र

आता दुसरे पद ‘अरि’. पामारि, कुष्ठारि, आमवातारि या शब्दांत अरि म्हणजे रोगाचा शत्रू. या सवयीमुळे ‘शुल्बारि’ ऐकताच विद्यार्थ्याला शुल्ब नावाचा एखादा रोग असावा असे वाटते. घाईने वाचणाऱ्याला तर ‘शुल्बारि’ हा ‘शूलारि’ भासतो आणि तो या द्रव्याला शूलहर समजून बसतो. वस्तुतः येथील शत्रुत्व रोगाशी नसून धातूशी आहे.

रसशास्त्रात धातूंचे शत्रू आणि मित्र यांची एक सुसंगत व्यवस्था आहे. कोणत्या धातूचे मारण कोणत्या द्रव्याने करावे, याविषयीची पारंपरिक यादी आपण सर्वांनी पाठ केलेली आहे. तीनुसार वंगाचे मारण हरतालाने होते, तीक्ष्ण लोहाचे हिंगुळाने, सुवर्णाचे नागाने, नागाचे मनःशिलेने, रौप्याचे माक्षिकाने आणि शुल्बाचे गंधकाने. या यादीतील शेवटची जोडी म्हणजेच ‘शुल्बारि’ या शब्दाचा विस्तार होय. ग्रंथकाराने जे वाक्यात सांगितले, ते नामकाराने एका समासात बसविले.

शत्रूंप्रमाणे मित्रही सांगितले आहेत. मध, तूप, गुंजा, टाकणखार आणि पाठभेदाने गूळ किंवा गुग्गुळ यांच्या समूहासह भस्म तीव्र अग्नीत तापविले असता, मारण अपुरे असल्यास मूळ धातू पुन्हा प्रकट होतो. म्हणून यांना धातूचे मित्र म्हटले. शत्रूने मारलेल्याला मित्र उठवू शकले नाहीत, तर ते भस्म ‘अपुनर्भव’. आधुनिक रसायनाच्या भाषेत सांगायचे तर गूळ, मध, तूप यांचा जळून होणारा कोळसा धातूच्या संयुगाचे क्षपण करतो आणि टाकणखार वितळून द्रावकाचे काम करतो. म्हणजे अरि आणि मित्र हे शब्द केवळ अलंकार नव्हेत. रसशाळेत धातूवर दोन विरुद्ध दिशांनी होणाऱ्या क्रियांना दिलेली ती परिभाषा आहे.

या शत्रुत्वाचे एक सुंदर रूपक रसग्रंथांत प्रसिद्ध आहे. धातू हे मातंग, म्हणजे हत्ती, आणि गंधक हा केसरी, म्हणजे सिंह. असा कोणताही धातुरूपी हत्ती नाही की ज्याला हा सिंह केवळ ‘गंधाने’ मारू शकत नाही. येथे ‘गंध’ शब्दावर श्लेष आहे. सिंहाच्या नुसत्या वासाने हत्ती गर्भगळित होतो, हा एक अर्थ. ‘गंध’ हे गंधकाचेच लघुरूप असल्याने केवळ गंधकाने धातू मरतो, हा दुसरा अर्थ. शूलगजकेसरी, ग्रहणीगजकेसरी ही आपल्या कपाटातील कल्पनामे याच रूपकाच्या कुळातील आहेत. त्यांपैकी शूलगजकेसरीच्या पाठात पारद, गंधक आणि ताम्र हे तिन्ही एकत्र येतात, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. म्हणजे शुल्ब आणि शुल्बारि त्या एकाच कल्पात नांदतात.

३. शत्रुत्वाचे स्वरूप

गंधक ताम्राचा शत्रू आहे म्हणजे प्रत्यक्षात काय घडते?

शुद्ध गंधक सुमारे ११५ अंश सेल्सिअसला वितळतो. तांबे वितळण्यास सुमारे १०८५ अंश लागतात. इतक्या विषम स्वभावाची ही दोन द्रव्ये एकत्र तापविली की, तांबे वितळण्याच्या कितीतरी आधीच गंधक त्याच्या अंगात शिरतो. लवचीक, तांबूस, चकचकीत पत्रा काळा, ठिसूळ आणि खलात सहज कुटला जाणारा होतो. धातूचे धातुत्व, म्हणजे त्याची चमक, त्याचा चिवटपणा आणि घणाखाली पसरण्याचा गुण, हे सर्व नष्ट होते. यालाच प्राचीनांनी मारण म्हटले. रसायनशास्त्र त्याला ताम्राचे सल्फाइड म्हणते.

हिशेबाने पाहिल्यास, दोन प्रकारच्या ताम्र-सल्फाइडांपैकी एकात सुमारे १२७ भाग तांब्यास ३२ भाग गंधक लागतो, म्हणजे चारास एक. दुसऱ्यात साडेत्रेसष्ट भागांस ३२ भाग, म्हणजे दोनास एक. परंतु आपले ग्रंथ ताम्राच्या समभाग किंवा द्विगुण गंधक घेण्यास सांगतात. हा अपव्यय नव्हे. पुटाच्या उष्णतेत गंधकाचा मोठा अंश वाफ होऊन किंवा जळून निघून जातो. ताम्राच्या प्रत्येक कणाला शत्रू भेटावा यासाठी तो विपुल घेणे आवश्यक असते. गंधकात बचत करणारा निर्माता प्रत्यक्षात तांबे जिवंत ठेवतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

म्हणूनच ग्रंथोक्त क्रमातील प्रत्येक पायरीला अर्थ आहे. तांब्याची कंटकवेधी पत्रे घ्यावीत, कारण जाड पत्र्याच्या गाभ्यात गंधक पोहोचत नाही. तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत प्रत्येकी सात वेळा विझवून सामान्य शोधन करावे. यामुळे पत्रा ठिसूळ होतो आणि पृष्ठभागावरील मळ निघतो. गंधक तुपात वितळवून वस्त्रातून दुधात ओतून शुद्ध करावा, त्यामुळे त्यातील माती-खडे गाळले जातात. मग कज्जली किंवा गंधक लिंबाच्या रसात घोटून पत्र्यांवर लेप द्यावा, शरावसंपुटात कोंडावे, कापडमातीने सांधे बंद करावेत आणि गोवऱ्यांच्या पुटात अग्नी द्यावा.

या क्रमातील संधिबंधनाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. ‘शुल्बारि’ या शब्दातील खरा इशारा येथेच आहे.

४. शत्रू एकच, परिणाम दोन

तांबे आणि गंधक यांचा संयोग दोन अगदी भिन्न मार्गांनी होऊ शकतो. संपुट घट्ट असेल आणि आत हवा नसेल, तर ताम्राचे सल्फाइड तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही आणि सौम्य आम्लातही सहसा विरघळत नाही. परंतु संपुटाचा सांधा फुटला, किंवा सल्फाइड मध्यम उष्णतेवर हवेत भाजले गेले, तर त्यात प्राणवायू शिरतो आणि काही अंश ताम्राच्या सल्फेटात रूपांतरित होतो. ताम्राचे सल्फेट म्हणजे दुसरे काही नसून तुत्थ, म्हणजेच मोरचूद. ते पाण्यात सहज विरघळते आणि प्रबळ वामक आहे. उष्णता याहून वाढली तर ताम्राचे ऑक्साइड बनते आणि तेही आम्लात विरघळते.

म्हणजे शुल्ब आणि शुल्बारि तेच, भट्टी तीच, गोवऱ्या त्याच. केवळ कापडमातीच्या एका भेगेने औषधाऐवजी मोरचुदाचा अंश हाती येतो. विषात एक दोष असतो, तर ताम्रात आठ असतात, असे ग्रंथकारांनी बजावले आहे. त्या आठांत वांती, भ्रम, दाह, विरेचन यांची गणना होते. आज आपण हे जाणतो की, विरघळणारे ताम्र जठराच्या श्लेष्मल त्वचेस क्षोभ उत्पन्न करते आणि वांतीचा दोष प्रामुख्याने त्याचाच असतो. ताम्राच्या अमृतीकरणात मारित ताम्रात पुन्हा गंधक मिळवून पुट देण्याचा, किंवा गोळा सुरणकंदात कोंडून पुट देण्याचा जो विधी पाठभेदाने सांगितला आहे, तो वांतिभ्रांत्यादी दोष घालविण्यासाठीच. पुन्हा गंधक देणे म्हणजे उरलेल्या शुल्बापाठी पुन्हा शुल्बारि सोडणे होय.

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन रुग्ण यकृतविकारासाठी अन्यत्र घेतलेल्या ताम्रकल्पाच्या पुड्या घेऊन आमच्याकडे आले. प्रत्येक मात्रेनंतर अर्ध्या घटकेत त्यांना मळमळ व वांती होत असे. मात्रा ग्रंथोक्त मर्यादेतच होती. आम्ही त्यांतील चिमूटभर चूर्ण उदकात ढवळून गाळून घेतले आणि त्या गाळलेल्या पाण्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा ठेवला. थोड्याच वेळात खिळ्यावर तांब्याची तांबूस पुटी चढली. याचा अर्थ स्पष्ट होता. त्या भस्मात विरघळणारे ताम्र होते. औषध थांबविल्यावर त्यांची वांती थांबली. पुडीवर ‘गंधकजारित ताम्र’ असे शब्द होते. शब्द खरे होते, क्रिया मात्र अर्धवट होती. तो कल्प कोणी केला हे येथे महत्त्वाचे नाही. असा कल्प कोणाच्याही रसशाळेतून बाहेर पडू शकतो, हे महत्त्वाचे आहे.

५. ‘सल्फर’शी नाते : एक लोकप्रिय गैरसमज

शुल्बारि या शब्दाविषयी आपल्या व्याख्यानांत आणि स्मरणिकांत एक विधान वारंवार ऐकू येते. इंग्रजीतील ‘सल्फर’ हा शब्द संस्कृत ‘शुल्बारि’पासून आला, असे ते विधान. ध्वनिसाम्य खरोखरच मोहक आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या सीआरसी हँडबुक या रसायनविषयक संदर्भग्रंथातही गंधकाच्या नावाचा उगम संस्कृतात दाखविला आहे. तेथे मात्र ‘सुल्वेरे’ असे रूप छापलेले आहे आणि असा शब्द संस्कृतात नाही.

अभिमानाच्या भरात आपण कालक्रम विसरू नये. लॅटिन भाषेत गंधकवाचक ‘सल्पुर’ किंवा ‘सल्फुर’ हा शब्द ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात रूढ होता. रोमन लेखक केटो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात द्राक्षवेलींवरील अळ्यांच्या निवारणासाठी गंधकाचा उपयोग सांगितला आहे. केटोचा मृत्यू ख्रिस्तपूर्व १४९ मध्ये झाला. याउलट ‘शुल्बारि’ हा शब्द ज्या धातुमारणाच्या परंपरेत सार्थ होतो, ती परंपरा रसग्रंथांच्या रूपाने त्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने बहरली. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात हा शब्द गंधकाच्या अर्थी नोंदलेला आहे, पण कोशात शब्द असणे वेगळे आणि त्यापासून लॅटिन शब्द जन्मणे वेगळे. भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मान्य करीत नाहीत.

आम्हांस असे वाटते की, या उसन्या मोठेपणाने शब्दाचे नुकसानच झाले. ‘सल्फर’चा पूर्वज म्हणून त्याचा गौरव करताना आपण त्यातील ‘शुल्ब’ विसरलो आणि ‘अरि’ही विसरलो. लॅटिन शब्दात तांब्याचा उल्लेख नाही, शत्रुत्वाचाही नाही. संस्कृत शब्दाचे वैभव नेमके त्यातच आहे.

६. नागपुरातील दुसरा जन्म

आता आपल्या नगरीकडे वळू. आचार्य रघुवीर (१९०२–१९६३) हे संस्कृत व प्राच्यविद्येचे विख्यात पंडित. त्यांची सरस्वती विहार ही संस्था, जी इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ इंडियन कल्चर या नावानेही ओळखली जाते, लाहोरात स्थापन झाली होती. १९४६ मध्ये, देशाच्या फाळणीच्या उंबरठ्यावर, ती नागपुरास आली. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि रघुवीर त्याच प्रांतातर्फे संविधान सभेचे सदस्य होते. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण भारतीय भाषांतून व्हावे, यासाठी संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे लक्षावधी पारिभाषिक शब्द घडविण्याचे प्रचंड कार्य त्यांनी हाती घेतले. त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये नागपुरातूनच प्रसिद्ध झाला.

रसायनशास्त्रासाठी त्यांनी केलेली परिभाषा विलक्षण शिस्तबद्ध होती. प्राणवायूस ‘जारक’, हायड्रोजनला ‘उदजन’, नायट्रोजनला ‘भूयाति’, कार्बनला ‘प्रांगार’ अशी नावे त्यांनी दिली. सोडियमला ‘क्षारातु’ आणि कॅल्शियमला ‘चूर्णातु’ म्हटले. शेवटी ‘आतु’ दिसला की तो धातू समजावा, ही त्यामागील युक्ती. आणि गंधकासाठी त्यांनी रसशास्त्रातील हाच शब्द उचलला : शुल्बारि. त्यापासून सल्फ्यूरिक अम्लासाठी ‘शुल्बारिक अम्ल’ आणि सल्फेटसाठी ‘शुल्बीय’ हे शब्द सिद्ध झाले.

या निवडीमागील चातुर्य उघड आहे. जुन्या शास्त्रातील सार्थ शब्द, इंग्रजी शब्दाशी ध्वनिसाम्य आणि प्रत्यय लावण्यास सुलभ रूप, असे तिन्ही गुण एकत्र साधले गेले. रघुवीरांच्या परिश्रमांविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. तथापि वैद्याच्या दृष्टीने पाहता येथे एक गंमत घडली. ‘शुल्बीय’ या शब्दातून ‘अरि’ गळून गेला आणि मागे राहिला तो केवळ ‘शुल्ब’, म्हणजे तांबे! जुन्या रसवैद्याला ‘शुल्बीय’ म्हटले तर तो ‘ताम्रासंबंधी’ असा अर्थ घेईल. मग मोरचुदासाठी ‘ताम्र शुल्बीय’ म्हणणे म्हणजे त्याच्या कानाला ‘तांब्याचे तांब्यासंबंधी’ असे काहीसे वाटणार. जो शब्द शत्रूचे नाव होता, तोच प्रत्ययाच्या ओघात शत्रूला सोडून भक्ष्याचे नाव धारण करून बसला.

‘जारक’ या शब्दाचेही तसेच. रसशास्त्रात जारण म्हणजे पारदाने गंधकादी द्रव्य पचविणे. नव्या परिभाषेत जारक म्हणजे प्राणवायू. म्हणजे ‘गंधकजारण’ या जुन्या शब्दाचा अर्थ नवशिक्षिताने ‘गंधकाचा प्राणवायूशी संयोग’ असा लावला, तर त्याला दोष देता येणार नाही. पण रसशाळेत हा अर्थ घेऊन उघड्या पात्रात काम करणारा मनुष्य गंधक जाळून टाकील आणि धूर तेवढा हाती येईल.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर नागपूरचे राजधानीपद गेले आणि रघुवीरांची संस्थाही दिल्लीस गेली. पुढे १९६१ मध्ये केंद्र शासनाने स्थापन केलेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे लिप्यंतर करून स्वीकारण्याचे धोरण ठेवले. मराठीत गंधक हा घरगुती शब्द टिकला, पाठ्यपुस्तकांत सल्फर आले आणि ‘शुल्बारि’ दुसऱ्यांदा विस्मृतीत गेला.

७. व्यवसायातील बोध

या शब्दविचारातून वैद्य आणि औषधनिर्माते यांनी काय घ्यावे, ते संक्षेपाने मांडतो.

(अ) जुन्या पाठातील शुल्ब म्हणजे ताम्र आणि शुल्बारि म्हणजे गंधक. दोन शब्दांत केवळ दोन अक्षरांचे अंतर आहे, पण गंधकाच्या जागी ताम्र पडले तर अनर्थ ओढवतो. घटकांची यादी कामगाराच्या हाती देताना ती नेहमी तांबे, गंधक अशा रोजच्या शब्दांत लिहून द्यावी. ग्रंथातील पर्यायनाम ज्याचे त्याने उलगडावे असे सोडून देऊ नये.

(आ) वेष्टनावरील नावाबाबतही हीच दक्षता हवी. औषधे नियमांतील नियम १६१ नुसार घटकांची खरी यादी छापणे बंधनकारक आहे. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये, ज्यांत तुत्थाचा समावेश आहे, पोटात घेण्याच्या कल्पात असल्यास वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. दुर्मिळ पर्यायनाम छापून पांडित्य दिसेल, पण ग्राहकाला ते कळणार नाही आणि निरीक्षकाला शंका येईल.

(इ) ताम्रभस्माच्या प्रत्येक घाणीनंतर दोन सोप्या परीक्षा कराव्यात. पहिली वर सांगितलेली लोखंडी खिळ्याची. भस्म ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, गाळून, त्यात स्वच्छ खिळा अर्धा तास ठेवावा. तांबूस पुटी चढल्यास विरघळणारे ताम्र शिल्लक आहे असे समजावे. दुसरी पारंपरिक दधिपरीक्षा. दह्यात किंवा लिंबाच्या रसात भस्म रात्रभर ठेवावे. हिरवी वा निळी झाक आल्यास मुक्त ताम्र, ऑक्साइड किंवा सल्फेट आहे. अशा भस्मास पुन्हा गंधक देऊन पुट द्यावे. वारितर आणि रेखापूर्ण या परीक्षा कणांची सूक्ष्मता सांगतात, ताम्र मेले की नाही हे सांगत नाहीत. त्यांवर विसंबू नये. विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील तपासणी तर आवश्यकच आहे. या परीक्षा तिची जागा घेत नाहीत, केवळ चुकलेली घाणी वेळीच बाजूला काढतात.

(ई) पुट थंड झाल्यावर संपुट उघडण्यापूर्वी सांधा पाहावा. भेग दिसल्यास आणि आतील चूर्णाच्या कडेला निळसर-पांढरा थर दिसल्यास ती घाणी वेगळी ठेवावी. तयार भस्म कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे, कारण दमट हवेत सल्फाइडाचे हळूहळू सल्फेट होण्याची शक्यता असते. नागपूरच्या पावसाळ्यात ही काळजी विशेष घ्यावी.

(उ) मात्रेच्या बाबतीत ग्रंथोक्त मर्यादा, म्हणजे अष्टमांश ते अर्धी गुंजा (सुमारे १५ ते ६० मिलिग्रॅम), कधीही ओलांडू नये. रुग्णाने वांतीची तक्रार केल्यास ‘औषध लागू पडत आहे’ असे समाधान न करता भस्माचीच परीक्षा करावी.

पूर्वाचार्यांनी द्रव्याला नाव देताना ते कसे दिसते एवढेच पाहिले नाही. ते दुसऱ्या द्रव्याचे काय करते, हेही पाहिले. ‘शुल्बारि’ हा शब्द म्हणजे रसशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगी दोन पदांची आज्ञा आहे : तांब्याला त्याच्या शत्रूपुढे उभे कर आणि तो पूर्ण मरेपर्यंत दार उघडू नकोस. नावे पाठ करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. नावातील आज्ञा पाळणारे निर्माते वाढावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो. इत्यलम्.